तीन ते पाच

जिथे असाल तिथे बसा. खांदे सैल सोडा. एक तळवा वर करून मांडीवर ठेवा.

श्वास आत येतोय. येऊ द्या. बाहेर जातोय. जाऊ द्या.

आता त्या तळव्यावर एक बोल्ट आहे असं समजा. लहानसा, थंड. दोन बोटांत धरून हळूच फिरवा. त्याचे आटे पेरांना लागतायत.

घाई नाही. आपण या बोल्टपाशीच थांबणार आहोत.

असाच एक बोल्ट पहाटे तीनच्या सुमारास एका माणसाच्या हातात आहे. साल 1990, महिना जून. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम विमानतळ. हँगरमध्ये बीएसी वन-इलेव्हन जातीचं एक विमान उभं आहे आणि कॅप्टनच्या समोरची काच बदलायची आहे.

माणूस अनुभवी आहे, रात्रपाळीचा प्रमुख. आज पाळीवर माणसं कमी आहेत, म्हणून हे काम त्याने स्वतःच अंगावर घेतलंय.

त्याच्याकडे बघा. चूक शोधू नका. नुसतं बघा.

पहाटेचे तीन. या वेळी शरीराची ऊब उतरते, पापण्या जड होतात. तुम्हालाही ही वेळ माहीत आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसून काढलेल्या रात्रीत ती येते, आणि घड्याळ पुढे सरकतच नाही.

तिथे थोडं थांबा.

काचेचे जुने बोल्ट काढून झालेत. तसेच नवे हवेत. स्टोअरमध्ये पुरेसे नाहीत. तो विमानतळाच्या दुसऱ्या भागात जातो. तिथे सुट्या भागांचे खण आहेत. लक्ष द्यायला कुणी नाही. उजेड मंद. जुना बोल्ट नव्याशेजारी धरून तो नजरेनेच ताडून बघतो. वाचायचा चष्मा डोळ्यांवर नाही.

तुमच्याही तळव्यावर आता दोन बोल्ट आहेत. एकमेकांना लागून ठेवा. डोळे बारीक करा.

फरक दिसतोय?

0.66 मिलिमीटर. नखाच्या जाडीएवढा.

श्वास आत. श्वास बाहेर.

तो परत येतो. विमानाच्या बाजूला लावलेल्या फलाटावर चढून काचेवर ओणवतो. अंग ताणून हात पुढे घालावा लागतो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सारखं निसटतंय, म्हणून ते दुसऱ्या हाताने धरावं लागतं. आणि तोच हात नजरेच्या आड येतो. बोल्टचं डोकं हवं त्यापेक्षा खोल गेलंय, ते हाताखाली झाकलं जातं.

टक्.

हा स्क्रू-ड्रायव्हर ठरलेल्या जोरापर्यंत आवळला की टक् करतो. बारीक बोल्ट नटच्या आट्यांतून घसरला तरी हाताला साधारण तसंच लागतं.

टक्.

ऐका. झोपेने भरलेल्या कानांनी ऐका. यातलं खरं टक् कोणतं?

एकूण 90 बोल्ट. त्यातले 84 बारीक. उरलेले 6 जाडीला बरोबर, पण लांबीला कमी.

पाच वाजतात. काम संपतं. या काचेचं काम दुसऱ्या कुणी पुन्हा तपासावं असा नियम नाही.

10 जूनच्या सकाळी ते विमान 81 प्रवासी घेऊन स्पेनमधल्या मलागाकडे निघतं. तेरा मिनिटांनी, 17,300 फुटांवर, ती काच सुटून जाते. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला जातो. सहकारी त्याचे पाय धरून ठेवतात. सहवैमानिक विमान साउदम्प्टनला उतरवतो.

सगळे वाचतात. कॅप्टनसुद्धा.

श्वास रोखला असेल तर सोडा.

मन आता त्या माणसाकडे धावेल. म्हणेल, चष्मा घालायला हवा होता. पुस्तकातला बोल्टचा नंबर बघायला हवा होता. खरं आहे. मनाला बोलू द्या. बोलून झालं की त्याला हळूच हँगरमध्ये परत आणा.

तिथे एक जागा रिकामी आहे. त्या रात्री जो माणूस पाळीवर हवा होता आणि नव्हता, त्याची. मला बोल्टपेक्षा ती जागा मोठी दिसते. तिच्याकडे बघत राहा. तिथे कुणी उभं असतं, तर त्याने काय केलं असतं? कदाचित नुसती बॅटरी धरली असती. कदाचित म्हणाला असता, हे जरा खोल गेल्यासारखं वाटतंय का रे?

थांबा इथे. थोडा वेळ.

आता तीच पहाट आपल्याकडे आणूया.

मार्च 2019. जेट एअरवेजच्या अभियंत्यांचे पगार थकलेत. त्यांची संघटना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला पत्र लिहिते. घरखर्च भागवणं कठीण झालंय, कामावर असताना मन ठिकाणावर राहत नाही, आणि त्यामुळे विमानांच्या सुरक्षिततेला धोका आहे, असा त्या पत्राचा आशय. पुढच्याच महिन्यात, 17 एप्रिलला, कंपनीची उड्डाणं बंद पडतात.

त्या पत्रापाशी बसा. पगार आणि सुरक्षितता त्यात शेजारी शेजारी लिहिलीयत. हप्ते थकलेल्या माणसाचा हात आणि बोल्ट आवळणारा हात एकच असतो, हे त्यांना माहीत होतं. मन ठिकाणावर नाही, हे स्वतःबद्दल लिहून द्यायला किती बळ लागलं असेल.

पुन्हा श्वास. आत. बाहेर.

आता तुम्हीच त्या फलाटावर आहात असं समजा. पहाटेचे पाच. सहाला विमान गेटवर हवंय. फोन वाजतोय. कुणीतरी मागे येऊन उभं राहिलंय. कागद समोर आहे. त्यावर तुमचा परवाना क्रमांक आणि तुमचीच सही येणार. सही झाली की विमान सुटतं.

एक बोल्ट तुम्हाला खटकतोय.

मनातल्या मनात म्हणून बघा. "अजून झालेलं नाही. मी सही करणार नाही."

छातीत काय होतं? घशात?

पुन्हा म्हणा. या वेळी नोकरी वर्षभराच्या करारावर आहे.

पुन्हा म्हणा. या वेळी मागे संघटना नाही.

आणि एकदा असं म्हणून बघा, की तुम्ही "नाही" म्हणालात म्हणून कुणी जाब विचारणार नाही, पगार कापणार नाही, पुढच्या महिन्यात बदली होणार नाही. आवाज कसा निघतो? श्वास कुठपर्यंत उतरतो?

तो फरक अंगात मुरू द्या. यावर माझं म्हणणं काही नाही. तुमच्या छातीलाच तो कळलाय.

आता हात सैल सोडा. शेवटचं एकच करू. एक दिवस मोजू.

सायमन फोकर्ड या अभ्यासकाने ब्रिटनच्या विमान वाहतूक प्राधिकरणासाठी देखभाल कर्मचाऱ्यांच्या पाळ्यांचा अभ्यास केला. त्याची शिफारस अशी, की पाळी 12 तासांहून मोठी नको आणि दोन पाळ्यांमध्ये किमान 11 तास मोकळे हवेत.

अकरा तास. रात्रपाळी संपवून मुंबईच्या विमानतळावरून डोंबिवलीला परतणाऱ्या माणसाबरोबर चला.

सकाळची लोकल, रिक्षा, जिने. दीड तास. रात्री पुन्हा उलटा प्रवास, दीड तास. उरले आठ.

आंघोळ, जेवण. उरले सात.

मुलीच्या शाळेची वही, बँकेचं एखादं काम, आईच्या गोळ्या. उरले सहा.

पडदे ओढलेत. तरी उजेड आत येतोच. शेजारी कुकरची शिट्टी होते. दारावरची बेल वाजते. डोळा लागायला अर्धा तास जातो. उरले साडेपाच.

आणि सकाळी काम संपेना म्हणून पाळी दोन तासांनी लांबली, पण रात्रीची हजेरीची वेळ तीच राहिली, तर ते दोन तास या साडेपाचांतूनच जातात.