भिंतीतले बीळ आणि भूतदया

ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाच्या मोहाचे वर्णन करताना माउलींनी भुंग्याचा दृष्टांत दिला आहे. कोरडे, कठीण लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. शके 1212 मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या नेवाशात हे निरूपण झाले, तेव्हा श्रोत्यांना भुंगा वेगळा समजावून सांगावा लागला नसेल. घराच्या तुळईला भोक पाडून खाली भुसा सांडणारा काळा भुंगा सगळ्यांच्या ओळखीचा होता.

तशीच कुंभारीण माशी. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत ती आहे, आणि नाथमहाराजांनी त्या स्कंधावर विस्ताराने टीका केली. कुंभारीण किड्याला भिंतीत कोंडते, तो भयाने तिचेच ध्यान करतो आणि तिच्यासारखा होतो, असा तो दृष्टांत. आता शिकलेली मुले म्हणतात, “महाराज, ती अळीला दंश करून बधिर करते, जवळ अंडे घालते आणि तोंड मातीने लिंपते. बाहेर येते ते तिचे पिल्लू. अळी तर त्याचे अन्न होते.” मुलांचे म्हणणे खरे आहे. पण दृष्टांत एकदेशी असतो. मुखाला चंद्र म्हटले म्हणून कोणी त्यावर डाग शोधत नाही. ध्यासाने तद्रूपता येते हा सिद्धांत अळीच्या आधारावर उभा नाही.

खरा कठीण प्रश्न पुढे आहे. दृष्टांतातला जीवच आपल्या दारातून नाहीसा होऊ लागला, तर त्याचे आपल्याला काही देणे लागते का?

या माश्यांना मोहोळासारखी राणी नाही, कामकरी नाहीत. एकटी आई तयार भोक किंवा पोकळ काडी शोधते, आत पिल्लांची शिदोरी ठेवते, तोंड बंद करते आणि निघून जाते. तिला जागा आणि शिदोरी एकमेकांजवळ लागतात, कारण लहान माशीची धाव फार तर काहीशे मीटर. अहिल्यानगर शहरातले मातीविटांचे वाडे आणि लाकडी माळवदे गेली, सिमेंटच्या इमारती आल्या. खेड्यांतही तेच चालले आहे. अंगणात फरशी बसली की कुंभारणीला ओली माती मिळत नाही. वाळकी फांदी कचरा म्हणून तोडली जाते. कुठे भोक आहे तर फूल नाही, फूल आहे तर भोक नाही.

काही जाती खिडकीच्या चौकटीतल्या भोकात किंवा नळीच्या तोंडात घर करतात. कॅनडातल्या टोरोंटो शहरात पाने कातरून घरटे करणाऱ्या माश्यांनी पानांबरोबर प्लास्टिकचे तुकडेही वापरल्याचे 2013 मध्ये अभ्यासकांनी नोंदवले. म्हणजे त्यांचे भागते. पण भागणे वेगळे आणि नांदणे वेगळे.

वांग्याचे फूल थरथरवल्याशिवाय पराग नीट सोडत नाही. मधमाशीला ते जमत नाही, भुंग्याला जमते. तुरीच्या फुलांवर पाने कातरणाऱ्या माश्या राबतात. पण उपयोग आहे म्हणून जपणे हा व्यवहार झाला. भूतदया त्याच्या पलीकडची आहे.

दारी आलेल्या गाईला घास घालणे सोपे, कारण देणाऱ्याला आपण दिल्याचे समाधान मिळते. हा जीव काही मागायला येत नाही. आपण काहीतरी करू नये, एवढेच त्याला हवे असते. न करण्याला साक्षीदार नाही, म्हणून ती दया अवघड.

कोणी म्हणेल, कुंभारीण स्वतः जीव मारते, तिच्यावर दया कशाला? दया पात्रता तपासून करायची असती, तर आपल्यापैकी किती जण तीत बसले असते? दुसरीकडे गृहस्थाचाही धर्म आहे. भुंग्याने घराचे आढे पोखरले किंवा पाळण्याजवळ गांधीलमाश्यांचे मोहोळ लागले, तर घर आणि लेकरू राखलेच पाहिजे. गरज आणि हौस यांतला फरक मात्र ओळखावा. प्रत्येक भोक म्हणजे नुकसान नव्हे. निव्वळ भिंत गुळगुळीत दिसावी म्हणून भोक बुजवणे ही हौस झाली.

म्हणून मठाचा, मंदिराचा जीर्णोद्धार करताना गिलाव्याआधी भिंत पाहावी. मातीने लिंपलेले तोंड असेल तर आत पिल्लू असू शकते. काही आठवडे थांबावे. आवारात, पावसाचे पाणी लागणार नाही अशा जागी, वाळका ओंडका किंवा एका बाजूने बंद असलेल्या बांबूच्या कांड्यांची लहान मोळी ठेवावी. एकाच ठिकाणी फार गर्दी करू नये. बुरशी आणि परोपजीवी वाढतात. तुळशीजवळ थोडी जमीन फरशीवाचून मोकळी ठेवावी.

पुंडलिकाने दिलेल्या एका विटेएवढ्या जागेवर देव अठ्ठावीस युगे उभा आहे. ही माशी तर बोटाएवढीच जागा मागते.

रामकृष्णहरी.