बेल एअर आणि नागसेनाचा रथ

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याला ५० वर्षं झाली म्हणून टल्सा शहराने १५ जून १९५७ रोजी कोर्टाच्या इमारतीसमोर एक कोरी करकरीत प्लायमाउथ बेल्व्हेडिअर जमिनीत पुरली. काँक्रीटचं तळघर अणुबॉम्बलाही दाद देणार नाही, असा बांधणाऱ्यांचा दावा होता. ५० वर्षांनी पेट्रोल मिळालंच नाही तर काय, म्हणून त्याचेही डबे सोबत ठेवले, शिवाय बिअर. २००७ साली शहराची लोकसंख्या किती असेल, याचा सर्वांत जवळचा अंदाज बांधणाऱ्याला ती गाडी मिळणार होती. ठरल्याप्रमाणे २००७च्या जूनमध्ये तळघर उघडलं. अणुबॉम्बची गरजच पडली नव्हती, काम पाण्याने केलं होतं. आत उरला होता गंजाने खाल्लेला सांगाडा.

१९५७ सालच्याच शेव्हरोले बेल एअर मात्र हवानाच्या रस्त्यांवर भाडी मारत राहिल्या. क्यूबातल्या क्रांतीनंतर अमेरिकेने व्यापार आवळत नेला, १९६२ साली पूर्णच तोडला, आणि सुटे भाग येणं थांबलं. तिथल्या मेकॅनिकांनी मग हाताला लागेल ते बसवलं. कुठे सोव्हिएत गाडीचं इंजिन, कुठे जपानी डिझेल, कुठे घरीच ओतलेला एखादा भाग. वरून तेच क्रोम, तेच मागचे उंच पंख. बॉनेट उघडलं की शेव्हरोले शोधावी लागते.

मग १९५७ची खरी गाडी कोणती? जिच्यातलं काहीच बदललं नाही पण जी चालत नाही ती, की जिच्यातलं बहुतेक सगळं बदललं तरी जी रोज प्रवासी नेते ती?

ग्रीक लोक हा प्रश्न फळ्या बदलत गेलेल्या थिसिअसच्या जहाजावरून विचारत. पाली ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात तो रथावरून येतो. भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, महाराज रथातून आलात ना, मग दाखवा रथ. आस म्हणजे रथ का? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो, की हे सगळं एकत्र आल्यावर आपण जे नाव देतो तो रथ. पुढे नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो: पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच नव्हे, पण वेगळीही नव्हे. हवानाच्या टॅक्सीला हे उत्तर चपखल बसतं.

जुन्या गाड्यांच्या चाहत्यांना ते पुरत नाही. लिलावात पहिली चौकशी असते ती इंजिनावरचा क्रमांक मूळ गाडीशी जुळतो का याची. डाव्या पंखाच्या क्रोमपट्टीमागे लपवलेलं पेट्रोलचं झाकण, २८३ घनइंचांचं व्ही-८ इंजिन, सगळं कारखान्यातून निघालं तसंच हवं. बौद्ध परिभाषेत हे सरळसरळ उपादान, घट्ट धरून ठेवणं.

यात एक गंमत आहे. धरून ठेवलेली वस्तू मुळात टिकण्यासाठी बनलेलीच नव्हती. दरवर्षी रूप पालटायचं, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी दारात जुनाट दिसू लागेल, हे शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचं उघड धोरण होतं आणि त्यांचा मुख्य डिझायनर हार्ली अर्ल त्यात वाकबगार. १९५५, ५६ आणि ५७ या तिन्ही शेव्हरोले आतून जवळजवळ एकच. जाळी, दिवे आणि पंख तेवढे बदलत गेले. १९५८ साली सगळंच नवं आलं. अनित्यता इथे तत्त्वज्ञान नव्हती, विक्रीचं गणित होतं. तरी त्या एका हंगामासाठी काढलेल्या आकारावर लोकांचा जीव जडला तो जडलाच.

आता फ्लोरिडातली एक कंपनी जनरल मोटर्सच्या परवान्याने १९५७च्या बेल एअरची अख्खी बॉडी नव्या पत्र्यातून बनवते. बाकीचे भाग कॅटलॉगमधून मागवता येतात. डेट्रॉइटच्या जुन्या कारखान्यांचा एक स्क्रूही नसलेली गाडी त्यातून उभी राहते. मूळ क्रमांक शोधणारे तिच्याकडे नाक मुरडतात. रस्त्यावरचा माणूस मात्र तिला फिफ्टी-सेवन शेव्हीच म्हणतो, आणि नागसेनाला विचारलं तर तो बहुधा रस्त्यावरच्या माणसाची बाजू घेईल.