सेवा की देणं?

उन्हाळ्याच्या सुटीत कॉलेजची पोरं शिबिराला गावात येतात. टेंभुर्णीसारख्या गावात वैशाखात पाण्याचीच मारामार. पोरं बांध घालतात, चर खणतात. त्याला श्रमदान म्हणतात. माझ्या बापानं तेच फावडं जन्मभर चालवलं, त्याला वेठ म्हणायचे. फावडं एकच, मग नावं दोन का? कारण दान त्याचंच, ज्याला नाही म्हणता येतं.

१९६९ साली सरकारनं राष्ट्रीय सेवा योजना काढली. दोन वर्षांत २४० तास भरले की सेवा झाली. पण बाबासाहेबांनी १९५० साली उभ्या केलेल्या मिलिंद कॉलेजात शिकून आमच्या वस्तीतला पोरगा सुटीत घरी येतो, त्याचे तास कोण मोजणार? तो सेवक नाहीच. तो देणेकरी आहे. मार्च १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी खंत बोलून दाखवली, ती याच देण्याची.

म्हणून मित्रा, गावातल्या पोरांत बसायचं तर त्यांच्याच सतरंजीवर बस. शाळा का सुटली ते आधी विचार. त्यांचा अर्ज तू लिहू नकोस, लिहायला शिकव. पुढल्या उन्हाळ्यात त्यांना तुझी गरज उरली नाही, तर समज, देणं फिटायला लागलं.