परक्या शहरात पहिले पाऊल कोणाचे?

परदेशी नोकरी ही आता केवळ पुण्या-मुंबईच्या घरांतली गोष्ट राहिलेली नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. वसमत, कळमनुरी, सेनगावच्या मुलामुलींनाही ती वाट आज अशक्य नाही. मुलगा निघाला की आपण पगार विचारतो, थंडी किती ते विचारतो. तेथे त्याचे मित्र कोण होणार, हे मात्र विचारायचे राहून जाते.

या राज्याची राजधानी स्टुटगार्ट. १९६८ पासून हे शहर मुंबईचे भगिनी-शहर आहे. पण स्वभावाने दोन्ही बहिणी अगदी वेगळ्या. स्टुटगार्टचा शेजारी जिन्यात भेटला तर नमस्कार करतो आणि आपले दार लावून घेतो. गाव कोणते, घरी कोण कोण, असे काही विचारत नाही. न कळवता कोणी कोणाकडे जात नाही. रविवारी दुकाने बंद आणि गल्लीत शांतता. त्यांच्या भाषेतही आपल्यासारखे 'तू' आणि 'तुम्ही' आहे. मोठ्या वयाची माणसे वर्षानुवर्षे 'तुम्ही'वरच राहतात आणि 'आता तू म्हण' असे सहसा वयाने मोठ्या माणसानेच सुचवायचे असते. आपल्याकडून गेलेल्या मुलाला वाटते, या लोकांत माणुसकीच नाही.

हा निवाडा बरोबर आहे का? दुसऱ्याच्या वेळेत आणि घरात न विचारता शिरू नये, हा त्यांच्याकडे आदर समजला जातो. 'ओळखीचा' आणि 'मित्र' हे दोन शब्द ते जपून वेगळे वापरतात. ज्याला मित्र म्हटले त्याच्या अडचणीला धावून जावे लागते, म्हणून तो शब्द ते उधळत नाहीत. दार बंद असते. कडी मात्र नेहमीच लागलेली नसते.

मग आत जायचे कसे? त्या भागात एक जुनी रीत आहे. अनेक इमारतींत जिना आणि अंगण झाडण्याची पाळी दर आठवड्याला एका घराकडे येते. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. या रीतीला 'केरवोखं' म्हणतात. त्यातला 'केर' म्हणजे झाडणे. आपल्या 'केर काढण्या'शी तो जुळावा हा गमतीचा योगायोग. नवा भाडेकरू न सांगता आपली पाळी नीट करतो, तेव्हा शेजाऱ्याच्या मनात त्याची पहिली ओळख होते. गायनाची, फुटबॉलची, डोंगर चालण्याची मंडळे तेथे जागोजागी असतात. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, महिनोन् महिने जात राहिले तर एक दिवस कोणी कॉफीला बोलावते. तेथे मैत्रीची सुरुवात बहुधा गप्पांनी होत नाही. एकत्र केलेल्या कामाने होते.

ही शहाणीव आपल्या जिल्ह्याला नवी नाही. नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. परंपरा सांगते की ते उतारवयात पंजाबातील घुमान येथे अनेक वर्षे राहिले. तिकडच्या लोकांना समजेल अशा भाषेत त्यांनी रचना केली. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. घुमानने त्यांची आठवण इतकी जपली की २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले. नामदेवांनी भाषेचे पाऊल टाकले, गावाने आपलेपणाचे.

एकाच बाजूच्या पावलाने मैत्री होत नाही. पवित्र शास्त्रातील रूथ मवाबातून बेथलेहेमात आली, तेव्हा ती घरात रडत बसली नाही. शेतात सरवा वेचायला गेली. हे तिचे पाऊल. पण शेताचा मालक बवाज याने कापणाऱ्यांना सांगितले की तिच्यासाठी मुद्दाम काही कणसे पडू द्या. हे दुसरे पाऊल नसते तर रूथ परकीच राहिली असती.

आता स्वतःकडे पाहू. आपण हिंगोलीकर बोलके. बसमध्ये शेजारी बसलेल्याचे गाव, नातेवाईक, पगार पाच मिनिटांत काढून घेतो. पण त्याने भाड्याने खोली मागितली की आडनाव विचारतो आणि मग 'खोली रिकामी नाही' म्हणतो. स्टुटगार्टचे दार बंद दिसते. आपले उघडे दिसते, आणि उंबऱ्यावर माणूस अडतो. कोणते अधिक दुखते?

औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. त्यासाठी परप्रांतांतून मजूर येतील, अभियंते येतील, शास्त्रज्ञ येतील. त्यांची मुले आपल्या शाळांत बसतील. कोणी मिस्साला आपल्याच बाकावर येऊन बसेल. त्यांना आपली भाषा येणार नाही, आपले सण कळणार नाहीत.

परदेशी गेलेल्या मुलाला आपण फोनवर जरूर सांगावे: बाळा, रुसून बसू नको, तुझी पाळी आली की जिना झाड, मंडळात जात राहा, भाषा शीक. आणि फोन ठेवल्यावर आपल्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाकडे एकदा जाऊन यावे. आपल्या मुलासाठी परक्या शहरात कोणी कणसे पडू द्यावीत असे वाटत असेल, तर आपल्या शेतातही काही पडू द्यायला हवीत.