उशाशी काय ठेवावे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीत दोन घरफोड्या झाल्या. दोन्ही घरांत म्हातारी माणसे एकटी, मुले परदेशी. पैकी एका घरातील बाईंना चोरट्यांनी खुर्चीला बांधून ठेवले होते. सोने गेले त्याचे दुःख त्यांना फारसे नव्हते. तोंडात कोंबलेल्या बोळ्याची आठवण मात्र त्यांना अजूनही झोपू देत नाही. पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एकच विषय होता. घरात काय ठेवावे?

आमची आई चौऱ्याऐंशी वर्षांची. वसईच्या आमच्या वाडीतल्या जुन्या घरात ती एकटी राहते आणि तेथून हलायला तयार नाही. म्हणून आम्ही तिघे भाऊ व बहीण त्या संध्याकाळी तिच्या ओटीवर जमलो. थोरल्या भावाचे मत, बंदुकीचा परवाना काढावा. धाकट्याने लोखंडी पहार दाराआड आणून उभी केलीच होती. पुतण्याने मिरचीच्या अर्काचा फवारा आणला होता, आणि तो कसा चालतो हे दाखवण्याच्या भरात त्याने बंद खोलीत कळ दाबल्यामुळे पुढची वीस मिनिटे आम्ही सारे अंगणात खोकत उभे होतो. आई तेवढी हसत होती. तिच्या खाटेखाली कोयता असतो हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. तो बाबांच्या वेळचा. त्याची एक हकीकत आहे, ती पुढे सांगतो.

अशा वेळी आपण बहुधा प्रश्न चुकीचा विचारतो. चोर अंगावर आला तर ख्रिस्ती माणसाने त्याला मारावे की न मारावे, असा वाद आपण घालतो. परंतु मध्यरात्री कडी वाजल्यावर कोणीही धर्मचिंतन करीत बसत नाही. हात जवळ असेल त्या वस्तूकडे जातो आणि पुढचे त्या वस्तूच्या स्वभावाप्रमाणे घडते. पहार हातात असली तर पहारीसारखे घडते. खरी निवड आपण कितीतरी आधी, भर दिवसा, दुकानात वा ओटीवर शांतपणे बसून केलेली असते. नैतिक जबाबदारी मुख्यतः तेथे आहे, असे मला वाटते.

काहीच ठेवू नये, देवावर भरवसा टाकावा, असे म्हणणारेही आपल्यांत आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु दुसरा गाल पुढे करायचा तो स्वतःचा असतो, आईचा नव्हे. १९९२ साली पोप जॉन पॉल द्वितीय यांच्या कारकिर्दीत प्रसिद्ध झालेला कॅथॉलिक चर्चचा धर्मशिक्षणग्रंथ या बाबतीत स्पष्ट आहे. ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याला संरक्षण हा केवळ हक्क नाही, ते गंभीर कर्तव्यही ठरू शकते, असे तो सांगतो. अहिंसेचा एवढा मोठा उपासक गांधीजी. पण १९२० साली त्यांनी लिहिले की भ्याडपणा आणि हिंसा यांतूनच निवडायचे झाले तर आपण हिंसेचा सल्ला देऊ. १९०८ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला होता. त्या वेळी मी तेथे असतो तर काय करायला हवे होते, असे थोरल्या मुलाने विचारले तेव्हा प्रसंगी बळ वापरूनही माझे रक्षण करणे तुझे कर्तव्य होते, असेच उत्तर त्यांनी त्याला दिले होते. तेव्हा हात जोडून बसण्याची पळवाट आपल्याला सहजासहजी मिळत नाही.

पण त्याबरोबरच एक अट येते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ती घातली. स्वतःचा जीव वाचवणे हा हेतू, आणि हल्लेखोराचा मृत्यू हा हेतूबाहेरचा परिणाम, असे एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात. मात्र आवश्यकतेपेक्षा अधिक बळ वापरले तर तीच कृती अयोग्य ठरते. तोलून मापून प्रतिकार करावा, हे त्यांचे म्हणणे. कागदावर ते किती सोपे वाटते! अंधारात, धडधडत्या छातीने, कोण कसले माप घेणार? माझ्या मते ते माप माणसाला त्या क्षणी घेता येत नाही म्हणूनच ते साधनात आधी घालून ठेवावे लागते. काठी हलकी बसते, जोरात बसते, नुसती आडवी धरता येते. दाराचा अडसर कोणाला लागतही नाही. कोयत्याला मात्र हळू असे काही माहीत नाही.

या प्रश्नाची चर्चा करताना संत थॉमस यांनी आधार घेतला आहे तो निर्गम या ग्रंथातील बाविसाव्या अध्यायाचा. चोर घर फोडताना सापडला व मार लागून मेला तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाही. परंतु सूर्य उगवल्यानंतर तसे घडले तर दोष आहे, असा तो नियम. प्राचीन रोममध्ये, इ. स. पूर्व ४५० च्या सुमारास, बारा फलकांवर जे कायदे लिहिले गेले त्यांतही हाच भेद आढळतो. रात्रीच्या चोराला ठार केले तर ते कायदेशीर. दिवसाच्या चोराला मात्र त्याने शस्त्र उगारले तरच, आणि तेव्हाही आधी मोठ्याने आरोळी देऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना साक्षीला बोलावले पाहिजे. मेकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेने रात्रीच्या घरफोडीला असाच वेगळा दर्जा दिला. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने तर सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी असे शब्दच वापरले आहेत. मोशेच्या नियमातला सूर्य असा अगदी परवाच्या कायद्यात पुन्हा उगवलेला पाहून मला मौज वाटली. अर्थात आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करू नये आणि पोलिसांकडे जाण्यास अवधी असेल तर हा हक्कच नाही, या मर्यादा जुन्या कायद्यात होत्या तशाच नव्यातही आहेत.

इतक्या वेगवेगळ्या काळांतल्या कायदेकारांना सूर्य एवढा महत्त्वाचा का वाटला असावा? अंधारात समोरचा किती जण आहेत, हाती काय आहे, तो घ्यायला आला आहे की मारायला, हे कळत नाही म्हणून घरमालकाला सवलत. उजेडात चोराला चेहरा येतो, आणि चेहरा आला की सवलत संपते. हे मी पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी पाहिले होते.

१९७२ च्या दुष्काळाचे ते वर्ष. रेशनवर लाल मिलो मिळे. मी दहा वर्षांचा. वाड्यांतून रात्री नारळ, केळीचे घड नाहीसे होऊ लागले होते म्हणून बाबांनी कोयता खाटेखाली आणून ठेवला होता. एका रात्री मागच्या पडवीत काहीतरी सरपटल्यासारखा आवाज झाला. बाबा उठले. मी गोधडीतून पाहत होतो. त्यांनी मागचे दार ओढले आणि कोयत्याचा हात वर गेला. एवढ्यात त्यांच्या मागून आईने कंदिलाची वात चढवली.

भाताचे अर्धे पोते पाठीवर घेतलेला तो माणूस आमच्याच वाडीत वर्षानुवर्षे राबणारा मजूर होता. आठवड्यापूर्वी त्याने उचल मागितली होती आणि बाबांनी ती नाकारली होती. तो चोरी करीत होता यात शंका नाही. कोणी काही बोलेना. बाबांचा हात तसाच वर. मग आईने त्या माणसाला नावाने हाक मारली, नेहमी मारी तशी. त्याने पोते खाली ठेवले आणि तो अंधारात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ते भात त्याच्या पाड्यावर पोहोचवले, असे मी लिहिले तर हकीकत गोड होईल. तसे काही झाले नाही. तो पुन्हा कामावर आला नाही. बाबांनीही पुढे त्याचा विषय काढला नाही, आणि कोयता खाटेखालीच राहिला. कित्येक वर्षांनी आई एकदा इतकेच म्हणाली, "कंदील हाताशी होता म्हणून. नाहीतर तुझे बाबा उरलेला जन्म कसे जगले असते?"

कोयता तोच, पण वाडीतल्या खोपटातला कोयता आणि खाटेखालचा कोयता एक नव्हेत. शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब पात्याची हत्यारे शस्त्रे गणली जातात. घरकामाची व शेतीची अवजारे मात्र त्यांतून वगळलेली आहेत. कायदा पाहतो ते ती वस्तू कशासाठी घडवली हे. ती आपण कोठून उचलून कोठे ठेवली, हे आपले आपल्यालाच पाहावे लागते.

गेथशेमानीच्या बागेतही रात्रच होती. शिष्यांजवळ तलवारी दोनच होत्या, असे संत लूक सांगतो. पकडायला आलेल्या जमावाजवळ कंदील, मशाली आणि हत्यारे होती, असे संत योहान सांगतो. पेत्राने वार केला तो कोणावर? सेनापतीवर नव्हे, यहूदावरही नव्हे. प्रमुख याजकाच्या चाकरावर. त्या जमावातल्या बहुधा सर्वांत लहान माणसाचा कान गेला, आणि संत लूकच्या वृत्तांताप्रमाणे प्रभूला अटकेच्या त्या घाईतही तो आधी बरा करावा लागला. अंधारातला वार असाच चाकरावर, मजुरावर, उशिरा घरी येणाऱ्या स्वतःच्या मुलावर पडतो. आणि एक गोष्ट आपण दिवाळी-नाताळच्या अंकांत लिहीत नाही, ती येथे लिहितो. आपल्या घरांत दारू आहे, भावाभावांत बांधाचे तंटे आहेत. चोर येईल तेव्हा येईल. उशाचे हत्यार त्याआधी तीनशे रात्री घरच्याच माणसांच्या हाताशी असते.

मनुष्य समोर नको, वस्तूच परस्पर काम करील, असाही एक मार्ग काही जण काढतात. कुंपणात वीज सोडतात. बिहारमधल्या एका गृहस्थाने शेजारचे लोक आपला संडास वापरतात म्हणून चिडून वाटेत विजेची उघडी तार लावली. आपल्या संडासाची भिंत पडल्यामुळे तिकडे जाणारी शेजारीण तिला लागून मेली. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. परक्याच्या जागेत शिरला म्हणून माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, असा त्या निकालाचा आशय. संत आगस्तीन तर स्वतःच्या जिवासाठी खाजगी माणसाने दुसऱ्याला मारावे या मताचेच नव्हते. तरीही पब्लिकोला नावाच्या गृहस्थाला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की आपण बांधलेली भिंत कोसळून कोणी मेला तर तो दोष आपला नव्हे. नाहीतर ख्रिस्ती माणसाच्या बैलाला शिंगे आणि कुत्र्याला दातही नसावेत, असे म्हणावे लागेल. भिंत आणि तार यांत फरक हाच, की भिंत दिसते. कुत्रा भुंकतो. तार दबा धरून बसते.

बंदुकीचा विचार आम्ही लवकर सोडला. कुलपात ठेवली तर वेळेला हाती येत नाही, उघडी ठेवली तर नातवंडे आहेत. शिवाय चौऱ्याऐंशी वर्षांच्या हातातले कोणतेही हत्यार क्षणात दुसऱ्याच्या हातात जाते, हे बहिणीने बजावले. टोळी हत्यारांनिशी आत शिरली तर उजेड आणि अडसर पुरणार नाहीत, हेही मला मान्य आहे. तशा रात्री कोणी जवळ असायला हवे, एवढेच त्याचे उत्तर, आणि ते उत्तर आम्हा मुलांना ऐकायचे नव्हते.

मागच्या दाराला जुना अडसर पुन्हा बसवला. चाहूल लागताच पेटणारे दोन दिवे लावले. राहिली घंटा. आईच्या खाटेशी कळ आणि घंटा हाकेच्या अंतरावरच्या घरात, असे ठरले. पण ते घर आमच्या चुलतभावाचे. बांधावरून त्याच्याशी सहा वर्षे बोलणे बंद. थोरला म्हणाला, "त्यापेक्षा बंदूक बरी!" कोणी हसले नाही. शेवटी बहीण गेली. चुलतभावाने दारातच ऐकून घेतले आणि म्हणाला, "काकीसाठी लावा. तुमच्यासाठी नाही."

कोयता मात्र आईने दिला नाही. केळीची पाने कापायला लागतो, म्हणाली.

दोन महिन्यांपूर्वी रात्री दोन वाजता रोझरी चाचपताना तिचा हात चुकून त्या कळीवर पडला. चुलतभाऊ धावत आला. त्याच्या एका हातात बॅटरी होती आणि दुसऱ्या हातात कोयता. आईने त्याला आत घेतले, चहा केला, आणि पहाटेपर्यंत दोघे बसली होती. बांधाचा विषय निघाला नाही.