नड कोणाच्या मालकीची?

मुंबईच्या विमानतळावर सुरक्षा तपासणी आटोपली की माघारी फिरणे जवळपास अशक्यच. नेमके तेव्हा आठवते, चार्जर घरीच राहिला. कुवेत-दुबईला चौकोनी पिनांचा प्लग लागतो, आपला गोल पिनांचा तिथे बसत नाही, हेही पहिल्यांदा आखातात निघालेल्याला अनेकदा तिथेच कळते. समोर झगमगीत दुकान असते. स्टेशनबाहेर स्वस्तात मिळणाऱ्या वस्तूला इथे कितीतरी जास्त मोजावे लागतात.

जबरदस्ती कुठे आहे, असे कोणी म्हणेल. संत थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) यांनी ‘सुम्मा थिओलॉजिका’त हा प्रश्न हाताळला आहे. वस्तू दिल्याने विकणाऱ्याचे नुकसान होत असेल, तर ते त्याने किमतीत जरूर धरावे. मात्र घेणाऱ्याची नड मोठी आहे, एवढ्याच कारणाने भाव वाढवू नये. ती नड विकणाऱ्याची नव्हे. जे आपले नाही ते विकायचे कसे? घेणाऱ्याने आपणहून चार पैसे जास्त दिले तर गोष्ट वेगळी.

छापील किमतीचा आधार इथे अपुरा पडतो. तिच्यापेक्षा जास्त घेणे हा गुन्हा आहे, हे खरे. पण ती छापतो उत्पादकच, आणि बाजारात तीच वस्तू पुष्कळदा तिच्या निम्म्यातही मिळते! कायदा पाळला म्हणजे भाव न्याय्य झाला, असे नाही.

दुकानदार भाड्याकडे बोट दाखवील, आणि ते खोटे नाही. विमानतळावरील दुकानांना बहुधा ठरलेली किमान रक्कम किंवा विक्रीतला हिस्सा, यांतले जे जास्त असेल ते द्यावे लागते. पण जागेला एवढा भाव का येतो? एक कारण असे, की तिथून जाणाऱ्याला दुसरीकडे जाता येत नाही. म्हणजे प्रवाशाची नड त्याच्या आधीच विकली गेलेली असते. दुकानदार तिचे पैसे वसूल करतो इतकेच.

काउंटरवरच्या पोरावर डाफरणारे आपल्यात काही कमी नाहीत. भाव त्याने ठरवलेला नसतो. त्याच्या हाती एवढेच: कोणती केबल चालेल ते खरे सांगणे, आणि गेटजवळ फुकट चार्जिंगची सोय असेल तर तीही दाखवणे. विक्रीचा आकडा गाठायचा असताना हे त्याला परवडते का, ते त्याच्या मालकाला विचारायला हवे.