जाब विचारायची सोय

वाकड-हिंजवडीच्या पट्ट्यात सध्या एक नवी आकांक्षा कानावर येते. आयटीत दहा-बारा वर्षं काढलेली, फ्लॅटचे निम्मे हप्ते फेडून झालेली मंडळी आता 'इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग'मध्ये जायचं म्हणतात. समाजाचं, पर्यावरणाचं भलं व्हावं आणि पगारही बरा मिळावा. यात हसण्यासारखं काही नाही. हसू येतं ते त्यांना मिळणाऱ्या सल्ल्याचं: अमुक सर्टिफिकेट करा, एक्सेलमध्ये मॉडेल बांधायला शिका, लिंक्डइनवर ओळखी वाढवा. पैसा कोणाच्या दारात उतरणार, हा प्रश्न त्या सल्ल्यात नसतोच.

भांडवलाने कधी गरिबाचं भलं केलंय का, असं विचारणाऱ्यांना प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना दाखवावा आणि पुढे जावं. आधी कमवा, मग दान करा म्हणणाऱ्यांचा विषयच वेगळा.

माझं भांडण आहे ते मोजमापवाद्यांशी. 2007 साली इटलीत बेलाजिओच्या बैठकीत या व्यवसायाचं बारसं झालं. तेव्हापासून त्यांचं पालुपद एकच: परिणाम परताव्याइतकाच काटेकोर मोजा, भलं झालंच म्हणून समजा. ऐकायला बिनतोड. पण मोजतं कोण आणि कोणासाठी? अहवाल जातो गुंतवणूकदाराकडे. ज्याच्या संसाराचा तो अहवाल, त्याच्या हाती तो क्वचितच पडतो. बायकांना छोटी कर्जं देणारी एसकेएस मायक्रोफायनान्स 2010 च्या ऑगस्टमध्ये शेअर बाजारात उतरली, तेव्हा कर्जदार बायकांची संख्या, वसुलीची टक्केवारी सगळं चोख मोजलेलं होतं. तरी ऑक्टोबरात आंध्र सरकारला मायक्रोफायनान्सच्या जाचक वसुलीला लगाम घालणारा अध्यादेश काढावा लागला. यावर मोजमापवाद्यांचं उत्तर ठरलेलं: निकष चुकले, सुधारू. बरं, सुधारा. वसुलीऐवजी उत्पन्न मोजा, उत्पन्नाऐवजी समाधान मोजा. हप्ता मागायला उंबऱ्यावर आलेल्या माणसाला 'आज नाही' म्हणायची मुभा कोणत्या रकान्यात बसवणार? ती मोजायची गोष्ट नाही. ती असते किंवा नसते.

म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेत ती मुभा आहे, असं मला वाटतं. सभासद बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. बायका लिहाय-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि 1997 मध्ये बँक उभी राहिली. भागधारक त्यांच्यातल्याच, कर्जदारही त्यांच्यातल्याच. सहकाराचं पुढे काय झालं, कारखाने कोणाच्या वाड्यात गेले, हे कृपा करून मला सांगू नका, ठाऊक आहे. तरी सर्वसाधारण सभेत उभं राहून चेअरमनला आडवं विचारायचा हक्क निदान कागदावर शिल्लक आहे. परिणाम मोजता येणं वेगळं आणि जाब विचारता येणं वेगळं. मला सगळा प्रश्न इथेच अडलेला दिसतो.

वाकडकरांनी हा फरक पाहायला म्हसवड गाठायला नको. हमरस्त्याच्या पुलावरून खाली पाहावं: जलपर्णीने झाकलेली, वास मारणारी मुळा. वाकड बायपास ते सांगवी पूल हा 8.8 किलोमीटरचा काठ सुधारायचं काम पिंपरी-चिंचवड महापालिकेने काढलं आणि 2023 मध्ये 200 कोटींचे कर्जरोखे उभारले. 2025 मध्ये आणखी 200 कोटींचे, या वेळी हरित रोखे, हरित सेतू या पादचारी-सायकल मार्गांसारख्या कामांसाठी. मागणी पाचपट आली, आणि बातम्यांत कौतुक झालं ते मागणीचं. त्याच वर्षी पिंपळे निलखला लोक काठावरची झाडं वाचवायला नदीवर जमले. रोखेधारकाचं व्याज करारात बांधलेलं आहे. काठावरच्या माणसाला निवेदन द्यायचं, मानवी साखळी करायची, नाहीतर कोर्टाची पायरी चढायची.

तरीही या क्षेत्रात जायचं असेल तर जरूर जा. मुलाखतीत पगाराचं बोलणं झालं की एवढं विचारा: ज्यांच्या नावाने हा फंड उभा केलाय, त्यांचा एक तरी माणूस गुंतवणूक समितीवर आहे का, आणि त्याने नको म्हटलं तर पैसा थांबतो का? उत्तर गोलमोल आलं, तर ती बँकेतलीच नोकरी समजा आणि पगारही बँकेचाच मागा.